एक घंटी, दोन घंट्या

कुंदा,

लिहायला बसले आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. मी लेखिका नाही. महाविद्यालयात भूगोल शिकवण्यात हयात गेली. उत्तरपत्रिका तपासल्या, विभागाचे अहवाल लिहिले. पण स्वतःच्या मनातले वाक्य कागदावर उतरवण्याची वेळ पन्नाशी उलटून गेल्यावर येते आहे, आणि ती तुझ्या जाण्याने येते आहे. तुझ्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याआधी तुझ्या नवऱ्याचा आहे, सासूचा आहे, एसटी आगारातल्या तुझ्या सहकारी वाहकांचा आहे, कुरखेड्याच्या रस्त्यावर तुझ्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांचा आहे. मी तुझ्याबरोबर सकाळी मैदानावर चालणारी एक जाड बाई. या नात्याला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

दुसरी क्षमा तुला 'तू' म्हणते आहे याबद्दल. वयाने तू लहान होतीस, तरी माझ्या तोंडून तुझ्यासाठी कधी 'तू' निघाले नाही. तू कितीदा सांगितलेस, "अजी मॅडम, मले तुम्ही-तुम्ही नोका करू. आगारातला साहेबच मले तुम्ही म्हणते, तेही मेमो द्याचा असला तं." मी हसले आणि पुन्हा तुम्हीच म्हणाले. आता म्हणते आहे, तर ऐकायला तू नाहीस.

तुझी जन्मतारीख, शिक्षण, नोकरीची वर्षे आगाराच्या फळ्यावर खडूने लिहिली गेली आणि दुसऱ्या दिवशी पुसली गेली. ती मी इथे लिहीत नाही. मला आठवते ते माझ्या मांड्यांपासून सुरू होते.

तू गेल्याचे कळले तेव्हा माझ्या मांड्या दुखत होत्या. आदल्या सकाळी तू आम्हाला मैदानाच्या पायऱ्यांवर बसा-उठा करायला लावले होतेस, नेहमीपेक्षा जास्त. आपल्याला व्यायाम सांगणारे ते तरुण डॉक्टर म्हणाले होते, स्नायूंचे दुखणे लगेच येत नाही, एक रात्र सोडून येते. तसेच झाले. तुला तुझ्या गावी नेले, वैनगंगेच्या काठी सगळे उभे होते, बायका रडत होत्या, आणि मी एका झाडाला टेकून दुखणाऱ्या मांड्यांवर हात दाबून उभी होते. मला रडू येत नव्हते. रेतीत कुणाची तरी चप्पल उलटी पडली होती, ती सरळ करावी की नाही, याचाच विचार मी बराच वेळ करत होते. तू गेलीस आणि तू दिलेले दुखणे माझ्या अंगात अजून होते. पुढे ते ओसरले. एका सकाळी मी पलंगावरून उठले आणि काहीच दुखले नाही. त्या दिवसापासून माझ्यात जे काही झाले आहे, त्याला दुःख म्हणता येईल का, मला सांगता येत नाही. वर्गावर जाते, नकाशे टांगते, नद्यांची नावे विचारते. चहा थंड होतो आणि मी तो तसाच पिते.

आपली ओळख सरकारी दवाखान्याच्या बाकावर झाली. त्या बाकावर चार माणसे बसत. आपण दोघी बसलो तेव्हा तिसऱ्याला जागा उरली नाही. मला शरमेने खाली पाहावेसे वाटले. तू मात्र उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला म्हणालीस, "आजा, गाडी फुल्ल हाय, मागून दुसरी येते." म्हातारा हसला. मीही हसले असावे, कारण तू माझ्याकडे वळून विचारलेस, "तुम्ही बी गुडघ्यासाठी आल्या का?" मी साखरेसाठी आले होते. पण गुडघेही होतेच.

तपासण्या झाल्या आणि आपण दोघी एकदमच त्या डॉक्टरांसमोर बसलो. आपल्यासारख्या भारी शरीराच्या माणसांनी कसा व्यायाम करायचा, हे त्यांनी समजावले. थोडा वेळ जोरात चालायचे, इतके की बोलताना वाक्य तुटावे. मग श्वास जागेवर येईपर्यंत हळू. पुन्हा जोरात, पुन्हा हळू. उड्या मारायच्या नाहीत, गुडघ्यांना त्या झेपणार नाहीत. छातीत दुखले, भोवळ आली, तर तिथेच थांबायचे. आणि एक दिवसाआड ताकदीचे व्यायाम: उठणे-बसणे, भिंत ढकलणे, वजन उचलणे. दोन्ही का, असे मी पुस्तकी सवयीने विचारले. ते म्हणाले, नुसते खाणे कमी केले किंवा नुसते चालले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ताकदीचा व्यायाम जोडला की स्नायू टिकतात आणि सांध्यांना आधार मिळतो. मी मान डोलावली. तू क्षणभर विचार केलास आणि म्हणालीस, "म्हंजे गाडी हलकी कराची, पण इंजन नाई काढाचं."

डॉक्टरांनी ते वाक्य नंतर इतर रुग्णांना सांगायला सुरुवात केली, हे तुला ठाऊक होते का? मला परवा कळले.

व्यायाम मला हवा होता तो बारीक होण्यासाठी. वर्गात फळ्याकडे वळले की मागे होणारी कुजबुज मला अनेक वर्षे ऐकू येत होती. तुझे तसे नव्हते. आगारात तुला गाडीवरून काढून टेबलाच्या कामाला बसवायची बोलणी चालली होती. गाडीत दोन बाजूंच्या सीटांमधली वाट तुला पुरेना; बाजाराच्या दिवशी तू आडवी होऊन, एक खांदा पुढे घालून तिकिटे फाडत जायचीस आणि लोकांच्या टोपल्या तुझ्या पोटाला घासायच्या. "मले खुर्ची नको, मॅडम," तू म्हणालीस. "खुर्चीवर बसली तं मी उठणार नाई. मले गाडीत उभं राहाचं हाय. सरळ." वजनकाट्यावर तू पहिल्या दिवसानंतर कधी चढली नाहीस. मी रोज चढायची आणि खट्टू व्हायची. "काटा काऊन पाहून राह्यल्या?" तू विचारायचीस. "माहा काटा गाडीत हाय. ज्या दिवशी पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सरळ गेली, त्या दिवशी झालं."

मैदानावर जायला मी तयार नव्हते. आपल्या गावात पहाटे मैदान कोणाचे असते, हे सगळ्यांना माहीत आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी तिथे पळतात, गोळा फेकतात. त्या हरणांसारख्या मुलांमध्ये आपण दोघी! मी म्हणाले, माझ्या गच्चीवर करू. तू म्हणालीस, "गच्चीवर घंटी कोणाले आयकू येईल?"

घंटी म्हणजे काय, ते मला पहिल्या सकाळी कळले. गाडीत वाहकाने एकदा घंटी दिली की चालक थांबतो, दोनदा दिली की निघतो. तू तेच मैदानावर आणलेस. घड्याळ पाहायचे नाही, शिट्टी नाही. तू तोंडानेच ओरडलीस, "टिंग-टिंग!" आणि आपण जोरात निघालो. श्वास तुटायला लागला की "टिंग!" आणि आपण हळू. भर मैदानात, त्या सगळ्या मुलांसमोर. माझे कान तापले होते.

एक उंच पोरगी आपल्या बाजूने पळत गेली आणि वळून म्हणाली, "काकू, कोणत्या भरतीची तयारी?"

"घरातल्या तांदळाच्या!" तू ओरडलीस. "डबा भरती केला, आता खाली करून राह्यलो!"

पोरी पळता पळता हसून वाकल्या. त्या दिवसापासून त्या आपल्या झाल्या. त्यांच्याही फेऱ्या तुझ्या घंटीवर चालू लागल्या. एखादी दमून थांबली की तू म्हणायचीस, "एवढ्यात थांबा घेतला? अजून फाटा नाई आला, पोट्टे!"

ताकदीच्या व्यायामांना तू दिलेली नावे मी इथे लिहून ठेवते, कारण ती दुसऱ्या कुणाकडे नाहीत. मैदानाची भिंत दोन्ही हातांनी ढकलणे म्हणजे 'गाडीले धक्का'. अर्ध्या भरलेल्या धानाच्या चुंगडीला, म्हणजे पोत्याला, कमरेपासून छातीपर्यंत उचलणे म्हणजे 'सामान वर'. पायरीवर बसून उठणे म्हणजे 'फाटा आला'. पुढे अंगणवाडीच्या मंदाबाई आल्या, मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतून इथे राहायला आलेल्या शेफालीदी आल्या. चुंगडी उचलताना शेफालीदी म्हणायच्या, "दीदी, इतना वजन तो मेरा आदमी भी नहीं उठाता." तू म्हणायचीस, "त्याले बी आणा. त्याचंही सामान वर करू."

मात्र विश्रांतीवरून आपले कधी पटले नाही. हळू चालण्याच्या टप्प्यात तू गप्प बसत नव्हतीस. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचे जमले, भरतीच्या पोरींना काय खायला द्यावे, सगळे तेव्हाच. मी म्हणायची, श्वासाकडे लक्ष द्या, हा टप्पाही व्यायामाचाच भाग आहे. तू म्हणायचीस, "थांब्यावर माणसं चढतात-उतरतात, मॅडम. थांबा घ्याचा आणि कोणाशी बोलाचं नाई, तं मंग एक्स्प्रेस काऊन नाई झाली गाडी? अन् एक्स्प्रेस आपल्या गावात थांबत नाई." मला अजूनही वाटते की माझे बरोबर होते. पण आता त्या टप्प्यात इतकी शांतता आहे की माझे बरोबर असण्याचे मी काय करू, ते कळत नाही.

आणि जमिनीवरून उठण्याची गोष्ट. ती तू एकटीने ओळखलीस. तुझ्या पुतणीच्या लग्नात पंगत बसली तेव्हा मी सांगितले की मला उपास आहे, आणि खुर्चीवर बसून राहिले. पुढे एकदा पायऱ्यांवर श्वास घेताना तू सहज विचारलेस, "मॅडम, तुमचा उपास सगळ्या लग्नाईतच कसा येते?"

मी बाटलीतले पाणी प्यायले. जमिनीवर बसले तर मला उठता येत नाही, चार माणसांनी हात धरून उठवावे लागते, आणि एकदा तसे उठवताना माझ्याच विद्यार्थ्यांनी ते पाहिले होते, हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. तुलाही सांगितले नाही. तूही पुन्हा विचारले नाहीस. दुसऱ्या दिवशी तू गवतावर पोते अंथरलेस आणि म्हणालीस, "आज नवा व्यायाम. फाट्यावर प्रवासी बसला हाय, झोप लागली हाय, अन् गाडी आली. उठाचं कसं?" आधी दोन्ही हात टेकून, मग एक हात टेकून, मग हात मांडीवर ठेवून. एक गुडघा उभा करायचा, टाच रोवायची, पुढे झुकायचे. "टाच रोवा, मॅडम! अन् श्वास सोडा. श्वास धरून कोणी उठत नाई!" कित्येक महिने गेले, तरी मला जमिनीवर हात टेकल्याशिवाय उठता आले नाही. तू एकदाही हात पुढे केला नाहीस. सुरुवातीला मला ते कठोर वाटले होते.

तुझ्या गाडीतून मी एकदाच प्रवास केला. सुट्टीचा दिवस होता, कुरखेड्याचा बाजार होता, आणि तू आदल्या दिवशी बजावले होतेस, "उद्या या. काही दाखवाचं हाय." खाकी गणवेशात तू मला परकीच वाटलीस. मी ओळखीचे हसले, तर तू हात पुढे केलास. "तिकीट! ओळख मैदानावर, इथी तिकीट." आरमोरीला गाडी गच्च भरली. टोपल्या, पिशव्या, एकाच्या हातात पाय बांधलेला कोंबडा. तू पुढच्या दाराशी होतीस. मग तू चालायला लागलीस. खांदा पुढे न घालता, आडवी न होता, दोन्ही हात मोकळे. माणसे आपोआप सरकत होती, पण सरकली नसती तरी तू गेली असतीस. एक म्हातारा काळजीने म्हणाला, "बाई, बारीक झाल्या तुम्ही. तब्येत बरी हाय ना?"

"बरी झाली म्हणून तं बारीक झाली, आजा."

"मंग आता एक सीट वाढली गाडीत," मागून कुणीतरी म्हणाले.

"तुमच्यासाठीच वाढवली. पण बसाल तं तिकीट काढून बसा!"

मागच्या दाराशी पोहोचून तू माझ्याकडे पाहिलेस. फक्त भुवया उंचावल्यास. मग दोरी ओढलीस, दोनदा. त्या क्षणी मला उभे राहून काहीतरी म्हणायचे होते. टाळी वाजवायची होती. इतक्या अनोळखी माणसांत माझा आवाज निघाला नाही, आणि मी खिडकीबाहेर धानाच्या बांध्यांमधल्या पाण्याकडे पाहत राहिले. कुरखेड्याला उतरताना मी म्हणाले, "गाडी वेळेवर आली."

"एवढंच?" तू विचारलेस आणि खदखदून हसलीस.

तेवढेच नव्हते. शाब्बास, कुंदा. तू सरळ चालत गेलीस, ते मी पाहिले.

शेवटच्या सकाळचे बोलणे अर्धे राहिले. चुंगडी भिंतीशी ठेवत तू म्हणालीस, "उद्या माही सकाळची गाडी हाय. घंटी तुम्ही द्या."

मी म्हणाले, "उद्या सुट्टी ठेवू."

"काऊन? मंदाबाई येते, शेफालीदी येते. पोट्ट्या येतात. मी नाई तं गाडी बंद?"

"मला नाही जमणार ते. ओरडणं."

"वर्गात ओरडता ना?"

"वर्गात नकाशाकडे तोंड करून बोलते."

"मंग इथी बी झाडाकडे तोंड करून ओरडा!" तू घाम पुसलास. "एक सांगा, मॅडम. पुऱ्या कॉलेजले शिकवलं तुम्ही. दोन शब्द. टिंग-टिंग. ह्याले काय लागते?"

"ते तुम्हालाच शोभतं," मी म्हणाले.

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. रागावली होतीस की काय, कळले नाही. "आल्यावर पाहू," म्हणालीस आणि निघालीस. दुसऱ्या दिवशी सुट्टी ठेवली गेली. आपले भांडण तिथेच उभे आहे.

तुझ्या गाडीचे चालक मडावी भाऊ मला नंतर बसस्थानकावर भेटले. त्यांनी जे सांगितले, ते तुला सांगायला हवे, कारण तुझ्याविषयीची ती एकच गोष्ट आहे जी तुला माहीत नाही. वैरागडच्या पुढे एका फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली. एक म्हातारी सूप-टोपली घेऊन उतरली. दार लागल्याचा आवाज आला. मग ते घंटीची वाट पाहत बसले.

"लोक म्हणे, चला ना भाऊ," ते सांगत होते. "मी म्हटलं, घंटी नाई झाली. बाईनं घंटी दिल्याशिवाय मी गाडी नाई हालवत, हे साऱ्या रस्त्याले माहीत हाय. मले वाटलं, कोणी सुट्ट्यासाठी भांडून राह्यलं असंल. मंग आरशात पाह्यलं, तं बाई बसून होती."

त्यांनी चहाचा कप बाकावर टेकवला.

"बाई कधी बसे नाई, मॅडम. रिकामी गाडी असली तरी बसे नाई. बसलेली पाह्यली, तवाच मले समजलं."

तुला दवाखान्याच्या गाडीतून नेल्यावर आगाराने दुसरी वाहक पाठवली, तरुण पोरगी, नवीनच लागलेली. प्रवासी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून होते. "त्या पोरीनं डबल दिली," मडावी भाऊ म्हणाले, "अन् मले गाडी चालवा लागली." एवढे बोलून ते चहाचा कप घेऊन दुसरीकडे गेले. मलाही रडू यायला हवे होते. मी फलकावरचे गाड्यांचे वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचले.

तेरवीला मी गेले. जाऊ नये असे वाटत होते, कारण गावात काय बोलले जात आहे ते मंदाबाईंनी आधीच सांगितले होते. पळून पळून मेली. अंगणात पाय ठेवताच तुझ्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भरल्या अंगाची लक्ष्मी आणली होती मी घरात. पळवू पळवू वाळवली, अन् मारली. आता जेवाले आल्या."

मी उभी राहिले.

"मा, चूप राह्य," तुझे यजमान देवराव त्यांना म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन, हलक्या आवाजात, "मी डॉक्टरले इचारलं, मॅडम. ते म्हणे, हृदयाची नस पह्यलेपासून खराब असंल. तपासणीत सारंच नाई दिसत. व्यायाम नसता केला तं आधी गेली असती का मागून, हे कोणीच नाई सांगू शकत म्हणे." मासळी सोलून खरबरीत झालेले हात ते एकमेकांवर घासत होते. "मले एवढंच माहीत हाय, पह्यले कुंदा बांधावर चढताना थांबे. आता बोलत बोलत चढे. तिचं बोलणं बांधावरून आधी आयकू ये, मंग ते दिसे."

पंगत बसली. देवरावांनी माझ्यासाठी खुर्ची आणली, लग्नात आणली होती तशीच. मी त्यांना नको म्हणाले आणि पळसाच्या पत्रावळीसमोर जमिनीवर बसले. का बसले, ते ठरवून नव्हते. काय वाढले, काय खाल्ले, आठवत नाही. मग उठायची वेळ आली. डावा गुडघा उभा केला, टाच रोवली, हात मांडीवर. तुझा आवाज आला असे म्हणणार नाही. काहीच आवाज आला नाही. मी श्वास सोडला आणि उठले. हात टेकला नाही. त्या अंगणात हे काय झाले, ते ओळखणारे एकच माणूस होते, आणि त्याचीच तेरवी होती.

पण तुझ्या सासूबाई भिंतीला टेकून पाहत होत्या. "हाताशिवाय उठल्या तुम्ही?" त्यांनी विचारले. आवाजात टोमणा नव्हता.

"हो."

"कोणं शिकवलं?"

"कुंदाने."

त्यांनी आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मले मोरीवरून उठता येत नाई. लय दिवस झाले. देव्या धरते तवा उठतो. पण तुम्ही बी शिका, असं तं कुंदा कधी मले नाई म्हणे."

"म्हटलं होतं, मा," देवराव पत्रावळी गोळा करता करता म्हणाले. "तू म्हणे, मले का पोलिसात जाचं हाय?"

कुणीतरी फिसकन हसले आणि तोंडावर पदर धरला. तुझ्या सासूबाईही हसल्या असाव्यात. त्यांनी तोंड भिंतीकडे केले होते, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

तुझ्यानंतर आपल्यापैकी कोणी मैदानावर गेले नाही. मंदाबाईंना घरून मनाई झाली आहे. मी एकदा फाटकापर्यंत गेले होते. भरतीच्या पोरी पळत होत्या. आपल्या पायऱ्यांजवळून जाताना त्या उंच पोरीने सवयीने "टिंग-टिंग" म्हटले, आणि मग सगळ्याच गप्प झाल्या. चुंगडी भिंतीशी तशीच आहे. उंदरांनी एक कोपरा कुरतडला आहे आणि थोडे धान सांडले आहे. मी आत गेले नाही.

काल शेफालीदींचा निरोप आला. "दीदी, सोमवार को आऊँ क्या? घंटी कौन देगा?" संध्याकाळी मंदाबाई दारात आल्या. त्या म्हणाल्या, "घरी सांगते का पाणी भराले चालली. पण मॅडम, खरं सांगा, काही होणार तं नाई ना? माहे पोट्टे लहान हायत." मी त्यांना डॉक्टरांकडे पुन्हा तपासून घ्या म्हणाले. त्या म्हणाल्या, घेतले. मग त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या, जसे गाडीतले लोक मडावी भाऊंकडे पाहत असतील. आणि आज सकाळी देवरावांचा फोन होता. मासळी विकायला सोमवारी इकडे येणार आहेत, आणि म्हातारी सोबत यायचे म्हणते आहे. पोते अंथरायला जागा असेल का, असे त्यांनी विचारले. मी असेल म्हणाले.

सोमवारी त्या सगळ्या पायऱ्यांजवळ उभ्या असतील. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एक दिली तर कुणी मला दोष देणार नाही. उलट बरे केले म्हणतील. दोन दिल्या आणि त्यांतल्या एखादीला काही झाले, तर त्या अंगणात पुन्हा कसे उभे राहायचे, हे मला माहीत नाही. आणि न दिल्या, तर मंदाबाईंचे गुडघे, म्हातारीची मोरी, शेफालीदींना दम लावणारा जिना, हे सगळे आहे तिथेच राहील. पुस्तकांत मी शोधले. डॉक्टरांना विचारले. 'तपासणी करून, हळूहळू वाढवत, जरूर करा,' असे ते म्हणतात. ते बरोबरच असणार. पण घंटी ते देत नाहीत.

कुंदा, तुला विचारण्यात अर्थ नाही. तुझे उत्तर मला पाठ आहे, आणि त्यावरूनच तर आपले भांडण अर्धे राहिले. म्हणून हे वाचणाऱ्याला विचारते. माझ्या जागी तुम्ही असता, तर सोमवारी एक घंटी दिली असती, की दोन?